सुधाकराचा पहिला पेला

प्रश्न : राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाचे आम्ही नुकतेच सामूहिक वाचन केले. त्याचा नायक सुधाकर याच्या नाशाला केवळ दारूच कारणीभूत मानावी काय?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे. सुधाकर पहिला पेला उचलतो तो चैनीसाठी नव्हे. न्यायालयातील खटक्यानंतर वकिलीची सनद काही काळासाठी गेल्यामुळे चारचौघांत झालेला अपमान त्याला गिळता येत नाही, आणि त्याचा कारकून तळीराम नेमक्या त्याच जखमेवर दारूचा उतारा सुचवतो. बुद्धिमान, मानी, मिळवता पुरुष ही त्याची स्वतःविषयीची कल्पना असल्याने दुःख बोलून दाखवणे त्याला कमीपणाचे वाटते. इकडे त्याची बायको सिंधू दळण दळून घर चालवते, तरी घराचा कर्ता तोच! तळीरामाची बायको गीता मात्र फटकळ आहे, आणि तिच्या तोंडाळपणाला प्रेक्षक हसतात, हेही बोलके आहे. १९१९ साली ही सोशीक सिंधू रंगभूमीवर उभी केली ती बालगंधर्वांनी, म्हणजे आदर्श स्त्री घडवणारे लेखणी आणि देह दोन्ही पुरुषांचेच होते. गडकऱ्यांना मात्र तो प्रयोग पाहता आला नाही. त्याच वर्षी जानेवारीत, आपल्या जवळच्याच सावनेरला, त्यांचे निधन झाले होते.