साइट तयार आहे, पण दाखवायची कुणाला?

‘मॅडम, स्वतःची वेबसाइट बनवलीय, पण कुणाला लिंक पाठवायची हिंमतच होत नाही. नावं ठेवली तर?’ कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलामुलींकडून हा प्रश्न मला वारंवार येतो. त्यातल्याच एका मुलीबद्दल, तिच्या परवानगीने आणि ओळख कळणार नाही अशा बेताने लिहिते आहे.

इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष. एचटीएमएल (पानाचा सांगाडा) आणि सीएसएस (त्याचं रूप) स्वतः लिहून तिने साइट उभी केली, गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर फुकटात चढवली आणि वर्गाच्या ग्रुपवर लिंक टाकून विचारलं, ‘कशी वाटली?’ दोन-चार अंगठे आले, एक ‘मस्त’ आलं, आणि एका सीनियरने लिहिलं, ‘टेम्प्लेट वाटतंय. कोड तर बघवत नाही.’ त्याच रात्री तिने साइट काढून टाकली. पुढे कॅम्पसमधल्या नोकरभरतीच्या फॉर्ममध्ये ‘तुमच्या कामाची लिंक’ हा रकाना ती रिकामा सोडायला लागली. माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, ‘मला यातलं काही जमतच नाही.’

हे लागणं मी हलक्यात घेत नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टला कुणी नाव ठेवलं तर तो प्रोजेक्ट असतो. इथे पानाच्या माथ्यावर स्वतःचं नाव आणि फोटो असतो. मी तिला सीनियरचं वाक्य मोठ्याने वाचायला सांगितलं आणि विचारलं, ‘हे ऐकून उद्या सकाळी नेमकं काय बदलशील?’ बराच वेळ विचार करून ती म्हणाली, ‘काहीच नाही.’ मग ‘मस्त’ या उत्तराचंही तसंच केलं. त्यातूनही काही हाती लागेना. ‘कशी वाटली?’ असं विचारलं की समोरचा मत देतो, आणि मतावरून काम सुधारत नाही.

म्हणून आम्ही प्रश्नच बदलला. माणसाला मत विचारायचं नाही, काम द्यायचं. ‘तुझ्या फोनवर ही साइट उघड आणि मला मेल करायचा झाला तर कुठून करशील ते शोध.’ एवढंच सांगायचं आणि गप्प बसून बघायचं. याकोब नील्सन या वापरसुलभतेच्या अभ्यासकाने २००० सालीच लिहून ठेवलंय की अशी पाच माणसं बघितली तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. गप्प बसणं मात्र महाकठीण. सेशनमध्ये मी माझ्या फोनवर साइट उघडली, तर हिचं बोट लगेच माझ्या स्क्रीनवर! ‘इथे, इथे दाबा ना.’ तेव्हा हात मांडीखाली ठेवून बसायची रीतसर प्रॅक्टिस केली.

पुढच्या वेळी ती वही भरून घेऊन आली. मावशी पान वर-खाली करत राहिली. कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांमागे मेनू असतो हे तिला ठाऊकच नव्हतं. बाबांनी फोन लांब धरला, जवळ आणला आणि म्हणाले, ‘अगं, अक्षरं पुसट का दिसतायत?’ पांढऱ्यावर फिकट राखाडी मजकूर होता. वेबच्या सुलभतेच्या नियमांत साध्या आकाराच्या अक्षरांसाठी किमान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, लागतो, तिचा त्याच्या निम्म्याच्या आसपास होता. आणि शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘नाव असं तुटक का लिहिलंस?’ इंग्रजी साइट बघून तिने अक्षरांमधलं अंतर वाढवलं होतं, त्यामुळे देवनागरीत लिहिलेल्या नावाची शिरोरेषा तुटली होती. सीएसएसमधली एक ओळ काढली आणि नाव जुळलं. ते दाखवताना तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, त्यासाठी मी हे काम करते.

कोडचं वेगळं. तिथे मावशी उपयोगाची नाही, जाणकारच हवा, आणि त्यालाही सगळी साइट एकदम द्यायची नाही. तिने दुसऱ्या एका सीनियरला विचारलं, ‘माऊस न वापरता, नुसतं टॅब दाबत माझ्या मेनूतून फिरता येतंय का बघशील?’ उत्तर लगेच आलं, आणि नेमकं: मेनूचं बटण डिव्हमध्ये, म्हणजे नुसत्या चौकटीत, बनवलंय, टॅब तिथे थांबत नाही, ते खऱ्या बटण टॅगमध्ये घाल, फोटोंना ऑल्ट मजकूर (फोटो न दिसणाऱ्यासाठी लिहिलेलं वर्णन) नाही, तो लिही. ‘बघवत नाही’ म्हणणाऱ्यालाही कदाचित हेच दिसलं असेल. पण त्याला तसं कुणी विचारलं नव्हतं.

सगळं ऐकायचंच असं मात्र नाही, हेही आम्ही बोललो. कुणी अडलं, तर ती अडचण, ती सोडवायची. कुणाला आवडलं नाही, तर ती त्याची आवड. भावाने तिच्या जांभळ्या पट्टीला ‘भडक’ म्हटलं. पट्टीवरची अक्षरं वाचता येतात ना, एवढं तिने तपासलं. येत होती. पट्टी अजून जांभळीच आहे, आणि फॉर्ममधल्या त्या रकान्यात आता लिंक असते.