प्रदर्शनाला जावे, पण कॅमेरा घ्यायला नव्हे

प्रश्न : मी कोल्हापुरात राहून लघुपट करतो. सध्या गुऱ्हाळघरात घडणाऱ्या माझ्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाची जुळवाजुळव चालू आहे. मुंबईच्या ब्रॉडकास्ट इंडिया शोला, म्हणजे चित्रीकरण-प्रसारणाच्या यंत्रसामग्रीच्या प्रदर्शनाला, जाऊन यावे, असे मित्र सुचवतात. परंतु तिथे वाहिन्यांची आणि मोठ्या स्टुडिओंची माणसे येतात, माझ्यासारख्या एकट्याला कोण विचारणार, अशी शंका वाटते. तिथे कॅमेरा स्वस्तात मिळतो का? चित्रपटाला वितरक भेटेल का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपण अवश्य जावे. हे प्रदर्शन बहुधा ऑक्टोबरच्या सुमारास भरते. एप्रिलमध्ये लास व्हेगासला आणि सप्टेंबरमध्ये अ‍ॅमस्टरडॅमला भरणाऱ्या दोन मोठ्या प्रदर्शनांत जे मांडले जाते, त्यातले पुष्कळसे तोवर इथे पाहायला मिळते. त्यामुळे परदेशवारीचा विचार आपल्याला सध्या करावा लागू नये. शिवाय गुऱ्हाळांचा हंगामही त्याच सुमारास तोंडावर असतो, म्हणजे पाहिलेले लगेच वापरून बघता येईल. नोंदणी आधीच ऑनलाइन करून ठेवावी. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघाल्यास सकाळी मुंबईत पोहोचता येते, हे कोल्हापूरकरांना सांगायला नकोच.

कोण विचारणार, ही शंका मात्र मनातून काढून टाकावी. स्टॉलवर विक्री करणारे आणि तंत्र जाणणारे अशी दोन प्रकारची माणसे असतात, आणि दुसऱ्या प्रकारच्या माणसाला नेमका प्रश्न विचारला की तो आपल्या ओळखपत्रावर कोणत्या कंपनीचे नाव आहे, हे पाहत बसत नाही. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास ज्या गावात स्वतः कॅमेरा घडवला, त्या गावच्या माणसाने तंत्रज्ञाशी बोलताना बिचकू नये, असे आम्हाला वाटते.

नेमका प्रश्न आपल्या चित्रपटातूनच निघेल. गुऱ्हाळघर डोळ्यांसमोर आणा : चुलवाणात चिपाडे पेटलेली, काहिलीवर वाफ दाटलेली, गुळव्याचा चेहरा खालून लाल उजेडात आणि मागची भिंत काळीकुट्ट. स्टॉलवर मात्र कॅमेऱ्यासमोर फुलांची परडी आणि मऊ प्रकाश असतो. त्या उजेडात कोणताही कॅमेरा देखणेच चित्र देतो. म्हणून परवानगी घेऊन कॅमेरा दुसरीकडे वळवावा आणि टेबलाखालचा अंधार व वरचा झगझगीत दिवा एकाच चौकटीत घ्यावा. अंधाऱ्या भागात चित्रावर किती दाणे (नॉइज) उठतात आणि दिव्याभोवतीचा तपशील टिकतो की पांढरा होऊन जातो, हे तिथल्या तिथे कळते. चित्रण १०-बिट लॉगमध्ये (उजेड-अंधाराचा जास्तीत जास्त तपशील राखणाऱ्या फिक्या नोंदीत, जिचे रंग नंतर सुधारता येतात) आपल्या स्वतःच्या कार्डावर करून घ्यावे आणि घरी आपल्याच संगणकावर पाहावे. स्टॉलवरच्या महागड्या मॉनिटरवर विसंबू नये. कार्ड घालू देत नसतील, तर पुढच्या स्टॉलकडे वळावे.

चित्रण साठवायला लागणाऱ्या जागेचाही हिशेब तिथेच करावा. सेकंदाला ४०० मेगाबिट दराने चित्रण केल्यास तासाला सुमारे १८० जीबी लागतात, आणि दोन प्रती ठेवायच्या म्हणजे ३६० जीबी. कॅमेऱ्याच्या किमतीत हा खर्च दिसत नाही.

दिव्यांची गोष्टही तशीच आहे. ९८ वॉट-अवरच्या बॅटरीवर १५० वॉटचा दिवा पूर्ण तेजाने पाऊण तासही चालत नाही, तेव्हा दिवा किती तेजस्वी आहे यापेक्षा तो मंद केल्यावर लुकलुकतो का, हे आधी पाहावे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे कॅमेऱ्याचे शटर १/५० सेकंदावर ठेवून पाहावे. तरीही चित्रात पट्टे दिसत असतील, तर तो दिवा घेऊ नये.

३२-बिट फ्लोट रेकॉर्डरची (अगदी हळू ते अगदी मोठा आवाज एकाच वेळी टिपणाऱ्या ध्वनिमुद्रण यंत्राची) जाहिरात तिथे जोरात असेल. अचानक चढलेला आवाज त्यात फाटत नाही, हे खरेच. पण घाण्याच्या इंजिनाच्या घरघरीतून संवाद वेगळा काढून देण्याची करामत त्याच्याकडे नाही. ते काम माइक कलाकाराच्या किती जवळ आहे यावर आणि घाणा किती वेळ बंद ठेवता येतो यावर ठरेल.

आता खरेदीविषयी. कॅमेरा तिथे घेऊ नये. सवलत सांगितली, तरी जीएसटी, कार्डे, बॅटऱ्या आणि लेन्सचा माउंट (लेन्स कॅमेऱ्याला बसवण्याचा जोड) धरून एकूण आकडा कागदावर लिहून घ्यावा आणि घरी यावे. हेच मॉडेल कोल्हापुरात किंवा पुण्यात भाड्याने मिळते का आणि बिघडल्यास दुरुस्ती कुठे होते, या दोन प्रश्नांची उत्तरे सवलतीपेक्षा मोलाची आहेत. एका चित्रपटासाठी कॅमेरा विकत घेण्यापेक्षा भाड्याने घेणे बहुतेक वेळा परवडते. वाचलेले पैसे ध्वनीवर खर्च करावेत. मराठीत स्वतंत्रपणे केलेल्या चित्रपटांची पहिली उणीव बहुधा तिथेच कानाला जाणवते.

वितरकाची अपेक्षा ठेवून या प्रदर्शनाला जाऊ नये. तिथे यंत्रे विकणारे येतात, चित्रपट विकत घेणारे नव्हेत. त्यासाठी राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा फिल्म बाजार (आताचे नाव वेव्हज फिल्म बाजार) आहे. तो गोव्यात नोव्हेंबरमध्ये, आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या सुमारास भरतो. अपूर्ण चित्रपट जाणकारांना दाखवून त्यांचा सल्ला घेण्याची सोयही तिथे असते, मात्र त्यासाठी प्रवेशिका काही महिने आधी पाठवाव्या लागतात. आपले चित्रीकरण हंगामात पार पडले, तर पुढच्या वर्षीच्या प्रवेशिकेसाठी कच्चे संकलन उन्हाळ्यातच हाती घ्यावे. आणि गोवा आपल्याला मुंबईपेक्षा जवळच आहे.