नाव परभणीत, मुलगी राजस्थानात

प्रश्न थोडक्यात असा. परभणीत कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या एका वडिलांची मुलगी इथूनच दहावी झाली आणि ‘नीट’च्या तयारीसाठी राजस्थानातल्या कोटा शहरी गेली. अकरावीला तिचं नाव तिथल्या एका सीबीएसई शाळेत आहे, पण ती दिवसभर असते क्लासमध्ये. आता बारावी तोंडावर आली आहे. क्लासवाले म्हणतात, ‘डोमिसाइल आहे ना, मग महाराष्ट्रातली जागा कुठं जात नाही.’ मेहुणे म्हणतात, ‘बारावीला नाव गावाजवळच्या कॉलेजात घालू, पोरगी तिकडंच राहू दे, हजेरीचं ते बघतील.’ आणि कुणीतरी सांगितलंय की सुप्रीम कोर्टानं डोमिसाइलची अटच काढून टाकली. वडील विचारतात, खरं काय?

नमस्कार.

तुम्ही बारावीचा प्रवेश होण्याआधी विचारलंत, हे फार बरं केलंत. माझ्याकडे बहुतेक पालक निकाल लागल्यावर, समुपदेशनाच्या यादीत मुलाच्या नावापुढं ‘महाराष्ट्राबाहेरील’ असा शेरा पडल्यावर येतात. तेव्हा हातात फारसं काही उरलेलं नसतं.

तुमच्या मुलीचा अधिवास महाराष्ट्राचाच आहे. घर परभणीत, आईवडील परभणीत, ती शिकायला वसतिगृहात राहिली, एवढ्यानं अधिवास तुटत नाही. तहसीलमधून काढलेलं प्रमाणपत्र खरं आहे आणि ते लागणारही आहे. पण एमबीबीएसला राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी नियम आणखी एक गोष्ट मागतो. दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रात असलेल्या शाळा-महाविद्यालयातून उत्तीर्ण झालेल्या हव्यात. मंडळ कुठलंही चालतं. ‘सीबीएसई केंद्राचं आहे, कुठूनही दिली तरी एकच’ हा समज मी दरवर्षी ऐकते आणि दरवर्षी त्यापायी कुणाचं तरी वर्ष जातं. संस्था कुठल्या राज्यात उभी आहे, एवढंच इथं पाहतात. तुमच्या मुलीची दहावी बसते, अकरावी नियम विचारत नाही, बारावी कोटा शहरातून झाली तर ती राज्याच्या यादीतून बाहेर जाईल.

मग क्लासवाल्यांचं बोलणं इतकं पटण्यासारखं का वाटतं? कारण इंजिनिअरिंगला ते खरं आहे. तिथं राज्याच्या सीईटी कक्षाच्या (सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या) नियमांत ‘टाइप बी’ नावाचा प्रकार आहे. मुलगा किंवा त्याचे आईवडील यांपैकी कुणाचा अधिवास महाराष्ट्राचा असेल, तर बारावी परराज्यात होऊनही तो महाराष्ट्राचाच उमेदवार धरला जातो. शेजारच्या मुलानं बारावी राजस्थानातून करून पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला असेल, तर तो या वाटेनं. मेडिकलला ही वाट नाही.

आता सुप्रीम कोर्टाचं. २९ जानेवारी २०२५ ला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं चंडीगडच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी संबंधित तन्वी बहल प्रकरणात निकाल दिला. त्यात रहिवासावर आधारलेलं आरक्षण घटनाबाह्य ठरलं, पण ते पदव्युत्तर म्हणजे एमडी-एमएसच्या जागांपुरतं. एमबीबीएसच्या पातळीवर राज्यानं आपल्या रहिवाशांना काही प्रमाणात प्राधान्य द्यावं, हे न्यायालयानं १९८४ च्या प्रदीप जैन निकालातच मान्य केलं होतं आणि ते अजून कायम आहे. त्याही आधी १९५५ मध्ये डी. पी. जोशी प्रकरणात इंदूरच्या मेडिकल कॉलेजच्या फीवरून हाच वाद झाला होता. घटनेच्या पंधराव्या कलमात ‘जन्मस्थान’ आहे, ‘रहिवास’ नाही, दोन्ही एक नव्हेत, असं तेव्हाच ठरलं. बातमीच्या मथळ्यात ‘पदव्युत्तर’ हा शब्द गळला की घराघरांत गोंधळ होतो.

‘मग हायकोर्टात जाऊ,’ असं तुमच्या मनात येईल. जाता येतं, पण या मुद्द्यावर वकील म्हणून तुमची फी घ्यायला माझं मन तयार नाही. १९८९ मध्ये मीनाक्षी मलिक या विद्यार्थिनीला सुप्रीम कोर्टानं अशाच अटीतून सूट दिली होती. शेवटची दोन वर्षं दिल्लीतल्या शाळेत झालेली हवीत, ही ती अट. पण तिच्या वडिलांना सरकारनंच नोकरीसाठी परदेशी पाठवलं होतं, म्हणून तिलाही जावं लागलं. ज्याला पर्यायच नव्हता त्याला अट लावणं अन्यायाचं, असं न्यायालयानं म्हटलं. आपल्या राज्याच्या नियमांतही सैन्यदलांतल्या आणि केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी काही सवलती आहेत, त्या याच विचारानं. तुम्ही व्यापारी. मुलीला बाहेर पाठवणं ही तुमची निवड होती. न्यायाधीश पहिल्या पाच मिनिटांत हेच विचारतील.

मेहुण्यांच्या सल्ल्यावर मला जरा थांबायचंय, कारण तो आपुलकीनं दिलेला आहे आणि सर्वांत धोक्याचा आहे. कागदावर बारावी महाराष्ट्राची दिसेल, हे खरं. पण परीक्षेला बसण्यासाठी सीबीएसईला ७५ टक्के हजेरी लागते. ती मुलगी राजस्थानात असताना इथं लागत असेल, तर ती रोज लिहिलेली खोटी नोंद आहे. सीबीएसईनं सप्टेंबर २०२४ मध्ये राजस्थान आणि दिल्लीतल्या शाळांवर अचानक तपासण्या केल्या आणि नोव्हेंबरात २१ शाळांची संलग्नता काढून घेतली. पुढं २०२५ मध्ये मंडळानं बजावलं की शाळेत न जाणाऱ्या विद्यार्थ्याला बारावीची परीक्षा देता येणार नाही आणि त्याची जबाबदारी विद्यार्थी व पालकांची राहील. समजा, यातूनही ती निभावली. प्रवेशाच्या वेळी प्रतिज्ञापत्रावर सही तिचीच होणार. मध्य प्रदेशातल्या परीक्षा घोटाळ्यात फेब्रुवारी २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं ६३४ विद्यार्थ्यांचे एमबीबीएसचे प्रवेश वाचवायला नकार दिला. कित्येकांचं शिक्षण पूर्ण झालेलं होतं. तो गुन्हा वेगळा होता, पण लबाडीनं मिळवलेल्या प्रवेशाकडे न्यायालय कसं पाहतं, ते त्यातून कळतं. सतराव्या वर्षी मुलीच्या हातून असा कागद करून घेऊ नका. ती टांगती तलवार तुमच्या नव्हे, तिच्या डोक्यावर राहील.

माझा सल्ला सरळ आहे. तिला बारावीला परत आणा, नुसतं नाव नव्हे, तिलाच. ‘नीट’साठी लातूर तुमच्यापासून जवळ आहे, आणि कितीतरी जिल्ह्यांतली मुलं त्यासाठीच तिथं येतात. बारावीत शाळा बदलायला सीबीएसई सहजासहजी परवानगी देत नाही. पालकांची बदली किंवा कुटुंबाचं स्थलांतर अशी कारणं कागदपत्रांनिशी द्यावी लागतात. त्यामुळे आधी इथल्या शाळेमार्फत लेखी परवानगी मागा. अर्जात ती वसतिगृहातून पालकांकडे परत येते आहे, हे खरं कारणच लिहा. राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयात घालायचं असेल, तर परभणी छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळात येते. दुसऱ्या मंडळातून येणाऱ्यांच्या पात्रतेची चौकशी तिथं करा. अकरावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला लागेल, दाखल्यावर तिकडच्या अधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्या. परवानगीचं पत्र हातात पडेपर्यंत तिकडचा दाखला काढू नका, नाहीतर दोन्हीकडून अडकाल.

परवानगी नाहीच मिळाली, तर तिला तिथंच बारावी करू द्या, पण पुढचं चित्र समजून. सरकारी महाविद्यालयांतल्या अखिल भारतीय १५ टक्के जागा, एम्स आणि अभिमत विद्यापीठं तिला खुली राहतील, तिथं ही अट नाही. मात्र अखिल भारतीय यादीत सरकारी जागेसाठी राज्याच्या यादीपेक्षा सहसा जास्त गुण लागतात आणि अभिमत विद्यापीठांची फी दुकानाच्या उत्पन्नातून झेपेल का, हा हिशेब तुम्हालाच मांडावा लागेल. बारावीला गणितही असेल, तर जोडीला एमएचटी-सीईटीचा अर्ज भरून ठेवा, म्हणजे इंजिनिअरिंगची टाइप बीची वाटही हाताशी राहील.

हे सगळं ठरवताना मुलीला समोर बसवा. कोटा शहरात तिचं एक वर्ष गेलंय, तिथल्या मैत्रिणी आहेत, शिक्षकांची सवय झालीय. परत का यायचं ते तिला नियम दाखवून सांगा. सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेतलं पात्रतेचं पान छापून घ्या आणि पेन्सिल तिच्या हातात द्या.