आईच्या शाळेची लाज नक्की कुणाला वाटते?

प्रश्न: मी 17 वर्षांपासून अमेरिकेत आहे, सध्या सिएटलजवळ नोकरी करतो. मला नागरिकत्व मिळाल्यावर आईला ग्रीन कार्डवर इकडे आणलं. वय 58, शिक्षण आठवी. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी ती 22 वर्षं अंगणवाडीत मदतनीस होती. परवा मला न सांगता शेजारणीबरोबर इथल्या कम्युनिटी कॉलेजात जाऊन ती परीक्षा देऊन आली. गणितात चौथी-पाचवीची पातळी निघाली आणि तिला ‘बेसिक एज्युकेशन’च्या वर्गात घातलं. आठवड्यातून चार सकाळी वर्ग. या वयात तिने अपूर्णांक शिकत बसावं हे मला बघवत नाही, तिला लाज वाटेल. शिवाय अशा डेव्हलपमेंटल वर्गांतली मुलं पुढे टिकतच नाहीत असं वाचलं. आमचा मुलगा दोन वर्षांचा आहे, सकाळी तो आजीकडेच असतो. त्यापेक्षा भारतातून 17 नंबरचा फॉर्म भरून दहावी करून द्यावी, की एखादं ऑनलाइन सर्टिफिकेट?

उत्तर: तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आईला लाज वाटेल असं तुम्ही लिहिलंय, पण तसं त्या म्हणाल्याचं एकही वाक्य पत्रात नाही. पत्रात आहे ती परक्या देशात, मोडक्यातोडक्या इंग्रजीच्या जोरावर, मुलाला न विचारता परीक्षेला जाऊन बसलेली बाई. ‘मला न सांगता’ हे शब्द तुमचे आहेत. त्यांनी का सांगितलं नसेल, याचा आधी विचार करा. तुम्ही नको म्हणाल हे त्यांना ठाऊक होतं. लाज वाटते आहे ती तुम्हाला, आणि ती आईच्या नावावर घालू नका.

दुसरी गोष्ट तुम्ही शेवटी, सहज सांगावी तशी लिहिलीत: सकाळी नातू आजीकडे असतो. वर्ग सकाळी चार दिवस. म्हणजे अडचण अपूर्णांकांची नाही, पाळणाघराची आहे. नातवाला सांभाळणं आजीला आवडतंच, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण ग्रीन कार्डचा खटाटोप तुम्ही आईसाठी केला होता की बाळासाठी, याचं उत्तर निदान स्वतःला तरी खरं द्या. सूनबाईंनी नोकरी सोडावी असंही मी सुचवत नाही. दोन सकाळी तुम्ही ऑफिसला उशिरा जा, उरलेल्या दोन दिवसांसाठी डे-केअरचे पैसे मोजा. ज्या बाईने 22 वर्षं गावची पोरं सांभाळली, तिच्यासाठी हे जास्त नाही.

आता तुमचा गैरसमज, कारण तो बऱ्याच जणांचा आहे. ‘डेव्हलपमेंटल’ शब्द ऐकला की आपल्याला ‘ढ’ मुलांची तुकडी आठवते. तुम्ही जे वाचलंत ते खोटं नाही, पण ते आईंच्या वर्गाबद्दल नाही. बारावी झालेली मुलं पदवीसाठी कॉलेजात येतात, प्रवेश-चाचणीत कमी पडतात आणि त्यांना पदवीसाठी मोजलं जाणारं क्रेडिट न मिळणाऱ्या विषयांच्या दोन-तीन पायऱ्या चढायला लावतात, ते डेव्हलपमेंटल शिक्षण. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010 मध्ये दाखवून दिलं की गणितात अशा सगळ्या पायऱ्या पूर्ण करणारे फक्त 33 टक्के होते, वाचनात 46 टक्के. मुलं नापास होऊन किंवा वर्ग मध्येच सोडून जितकी गळत, त्याहून जास्त नाव न नोंदवल्यामुळे गळत. पहिल्या किंवा पुढच्या पायरीला ती येतच नसत. म्हणून बाल्टिमोर काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजने 2007 पासून इंग्रजीच्या कच्च्या मुलांना थेट नेहमीच्या वर्गात बसवून सोबत जादा तास द्यायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियाने तर 2017 मध्ये यासाठी कायदाच केला. आई जिथे जाणार ते वेगळं दालन आहे: प्रौढांचं मूलभूत शिक्षण. शाळा अर्धवट राहिलेल्या किंवा इंग्रजी शिकायची असलेल्या मोठ्या माणसांसाठीच ते आहे. त्यांच्या वर्गात भाजीच्या दुकानातला माणूस असेल, निर्वासित म्हणून आलेली आजी असेल. आणि एक लक्षात घ्या, ती गणिताची परीक्षा इंग्रजीत होती. चाळीस पोरांच्या खिचडीला किती तांदूळ, किती डाळ, आज दहा पोरं कमी आली तर किती, हा हिशोब ज्यांनी इतकी वर्षं तोंडी केला, त्यांना अपूर्णांक शिकवायचे नाहीत, त्यांची इंग्रजी नावं शिकवायची आहेत.

17 नंबरचा फॉर्म साताऱ्यात कामाचा, सिएटलमध्ये नाही. जीईडीचे, म्हणजे तिथल्या हायस्कूलच्या तोडीच्या परीक्षेचे, चार पेपर इंग्रजी किंवा स्पॅनिशमध्येच देता येतात, तूर्त ते बाजूला ठेवा. ऑनलाइन सर्टिफिकेटवर एक डॉलरही घालवू नका.

मी वेगळंच सुचवते. तुमचं वॉशिंग्टन राज्य या बाबतीत अमेरिकेत पुढे आहे. तिथल्या 34 कम्युनिटी आणि टेक्निकल कॉलेजांत ‘आय-बेस्ट’ नावाची पद्धत चालते. 2004 च्या सुमारास तिचे पहिले प्रयोग झाले. एकाच वर्गात दोन शिक्षक असतात: एक कामाचं शिक्षण देणारा, दुसरा त्याच कामाला लागणारं इंग्रजी आणि गणित शिकवणारा. आधी सगळं इंग्रजी, मग धंदा, अशी वाट बघत बसावं लागत नाही. बऱ्याच कॉलेजांत या पद्धतीने बालशिक्षणाचा अभ्यासक्रम आहे. पहिलं प्रमाणपत्र 12 क्रेडिटचं, मग 20, मग 47, आणि आधीची क्रेडिट पुढच्यात धरली जातात. अंगणवाडीतल्या बाईला याहून जवळचा रस्ता मला तरी दिसत नाही. आधी एक-दोन सत्रं इंग्रजीच्या वर्गात काढावी लागतील, ती काढू द्या. बालवाडीच्या नोकरीत पगार बेताचाच असतो, तेही आत्ताच सांगून ठेवते. पण आई पगारासाठी नव्हे, कामासाठी शिकायला गेल्या आहेत असं मला वाटतं. खात्री त्यांच्याकडूनच करून घ्या.

सोबत ‘हायस्कूल प्लस’ची चौकशी करा. प्रौढांना हायस्कूलचा डिप्लोमा देणारी ही योजना जुनं शिक्षण आणि कामाचा अनुभवही जमेला धरते. खर्चाची काळजी नको: मूलभूत वर्गांची फी सत्राला 25 डॉलरच्या आसपास असते, परवडत नसेल तर तीही माफ होते. पुढे क्रेडिटच्या अभ्यासक्रमासाठी सरकारी मदतीचा अर्ज कराल तेव्हा या वयात त्या स्वतंत्र विद्यार्थिनी ठरतात, तुमचा पगार त्यात धरत नाहीत.

गावाकडे भावाला, काकाला, कुणालाही फोन करून शाळा सोडल्याचा दाखला आणि अंगणवाडीच्या नेमणुकीचा कागद मागवा, दोन्हींचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. मग आईंना घेऊन कॉलेजच्या सल्लागाराकडे जा. तिथे प्रश्न त्यांना विचारले जातील. शब्द अडला आणि त्यांनी तुमच्याकडे पाहिलं तर शब्द सांगा, उत्तर देऊ नका.