नवीन आणलेल्या ब्लू टँग माशाच्या अंगावर पांढरे दाणे आलेत, दुकानदार टँकमध्येच औषध टाका म्हणतो. काय करू?

थोडक्यात तुमचा प्रश्न असा: नाशिकला घरी १५० लिटरचा समुद्री टँक, त्यात दोन क्लाउनफिश, एक क्लीनर श्रिंप, थोडे सॉफ्ट कोरल. आठ दिवसांपूर्वी कुर्ल्याहून तीन इंची ब्लू टँग आणला. आता त्याच्या अंगावर आणि परांवर पांढरे दाणे दिसतात, दगडाला अंग घासतो, खाणं अर्ध्यावर आलंय. दुकानदाराने बाटली दिली आहे आणि टँकमध्ये ओता म्हणतो.

ओतू नका. समुद्री इकवर (पांढऱ्या दाण्यांचा परजीवी आजार) भरवशाचं औषध म्हणजे तांबं, आणि तांब्याने श्रिंप, गोगलगायी, कोरल सगळं जातं. शिवाय लाइव्ह रॉक (टँकमधले जिवाणू वसलेले दगड) आणि वाळू तांबं शोषून घेतात, त्यामुळे पाण्यात प्रमाण टिकत नाही आणि मासा बराही होत नाही. ‘रीफ सेफ’ लिहिलेली बाटली असेल तर ती बहुतेक वेळा परजीवीलाही तितकीच सेफ असते. औषध असो वा नसो, इलाज वेगळ्या भांड्यातच करायचा.

आधी आजार ओळखा. खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च माशावर बाजूने तिरपा धरा. रव्याचे कण शिंपडल्यासारखे, एकेक मोजता येतील असे दाणे असतील तर तो इक, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. मैद्याची बारीक धूळ बसल्यासारखं, किंचित सोनेरी दिसत असेल, मोजता येत नसेल, तर व्हेल्वेट, हा दुसरा परजीवी. व्हेल्वेटमध्ये मासा उजेड टाळतो, वेव्हमेकरच्या (लाटा उठवणाऱ्या पंपाच्या) झोतात तोंड देऊन उभा राहतो आणि धापा टाकतो. कल्ल्यांची उघडझाप १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. मिनिटाला १०० ते १२० च्या वर असेल तर हातात फार थोडा वेळ आहे. क्लाउनच्या अंगावरून चिकट पापुद्रे सुटत असतील तर ते ब्रुकलिनेला, तिसरा परजीवी. त्यावर तांबं चालत नाही, फॉर्मेलिनचा इलाज लागतो, तो वेगळा विषय.

तुमच्या वर्णनावरून इक वाटतो. त्याचं चक्र समजलं की पुढचं सगळं सोपं आहे. माशावरचा दाणा म्हणजे कातडीखाली शिरून खाणारा परजीवी. तो तीन ते सात दिवसांत पोट भरून गळून पडतो, तळाला किंवा दगडाला चिकटून कवच करतो आणि आत शेकडोंनी वाढतो. कवच फुटायला कमीत कमी तीन दिवस लागतात, कधी कधी कित्येक आठवडे. बाहेर आलेल्या पिलांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. म्हणूनच चार दिवसांनी दाणे आपोआप नाहीसे होतात, ‘औषध लागू पडलं’ असं वाटतं, आणि पंधरा दिवसांनी तिन्ही मासे पांढरे होतात.

या तीन दिवसांच्या फटीवरच बिनऔषधाचा इलाज बसतो: दर ७२ तासांच्या आत मासा पूर्णपणे नव्या भांड्यात, नव्या पाण्यात हलवायचा. गळून पडलेले परजीवी जुन्या भांड्यात राहतात, ते फुटायच्या आत मासा निघून गेलेला असतो. इंग्रजीत याला टँक ट्रान्सफर म्हणतात. दोन-तीन लहान मासे, आणि तांबं मोजायचं यंत्र घरात नाही, अशा वेळी मी हाच मार्ग सांगेन. नाशिकला तांब्याचं औषध आणि मीटर कुरिअरने यायला चार-पाच दिवस जातात. टब आजच्या आज मिळतात.

सामान: झाकणाचे ४५-५० लिटरचे दोन प्लास्टिक टब (साबण न लावता धुवा), दोन हीटर, दोन एअर पंप व एअरस्टोन, दीड-दोन इंची पीव्हीसी एल्बोचे (पाइपच्या कोपऱ्यांचे) पाच-सहा तुकडे लपायला, रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याचा खारटपणा मोजायला), अमोनिया टेस्ट किट, आणि मरीन सॉल्ट ८ किलो. वाळू, दगड, कोरलचे तुकडे काही नाही.

हिशेब असा. दर वेळी टबमध्ये ३० लिटर पाणी. पहिला मुक्काम आणि चार बदल्या, म्हणजे पाच वेळा भरणं, १५० लिटर. मधे पाणी बदलायला ५० लिटर धरा. ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) खारटपणाला लिटरमागे साधारण ३८ ग्रॅम मीठ लागतं, म्हणून २०० लिटरला साडेसात किलोच्या आसपास. मीठ पाण्यात घाला, मिठावर पाणी नको. किमान १२ तास पंप चालू ठेवून मिसळू द्या, मगच घनता बघा: १.०२५. पिण्याच्या आरओचं पाणी रीफ टँकला मी देत नाही, कारण बहुतेक मशिनमध्ये टीडीएस कंट्रोलरने थोडं कच्चं पाणी मिसळलेलं असतं. पण या टबांना ते चालतं. नळाचं थेट पाणी नको, त्यात क्लोरीन असतं.

वेळेचं कोष्टक फ्रिजवर लावा: शनिवार रात्री ९ ला पहिल्या टबमध्ये, मंगळवारी ८ ला दुसऱ्यात, शुक्रवारी ७, सोमवारी ६, गुरुवारी ५. प्रत्येक वेळी तासभर आधी, कारण ७२ तास ही वरची मर्यादा आहे, ‘साधारण तीन दिवस’ नव्हे. ‘आज ऑफिसला उशीर झाला, उद्या सकाळी हलवतो’ इथेच हा इलाज फसतो. आणि तिन्ही मासे हलवायचे. क्लाउनवर दाणे दिसत नसले तरी कल्ल्यांमध्ये परजीवी असतात.

पकडताना जाळी वापरू नका. टँगच्या शेपटीच्या बुंध्याशी दोन्ही बाजूंना पात्यासारखा काटा असतो, तो जाळीत अडकतो आणि सोडवताना माशाची कातडी निघते, तुमचं बोटही कापतं. स्वयंपाकघरातली प्लास्टिकची चाळणी घ्या, एल्बोसकट माशाला तिच्यात ढकला, एल्बो काढून घ्या, पाणी निथळू द्या आणि मासा नव्या टबमध्ये सोडा. जुनं पाणी शक्य तितकं कमी जायला हवं. एल्बो, एअरस्टोन, हीटर काहीच सोबत जात नाही. घाबरलेला ब्लू टँग तळाशी आडवा पडून मेल्याचं सोंग करतो. कल्ले हलत असतील तर दिवा बंद करा आणि अर्धा तास तिकडे फिरकू नका.

मासा निघाल्यावर जुना टब रिकामा करा, व्हिनेगरने पुसा, धुवा आणि सामानासह किमान २४ तास उन्हात खडखडीत वाळवा. पाणी काढायच्या आधी हीटर बंद करून दहा मिनिटं थांबा, नाहीतर काच तडकते. प्लास्टिकच्या टबला हीटर टेकता कामा नये, जाळीचं कव्हर लावा. तापमान २६, दोन्ही टबांत सारखं. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या रात्रीला ३० लिटर पाणी भराभर गार होतं, तेव्हा १०० वॉटचा हीटर घ्या आणि टबच्या बाजूंना थर्माकोल लावा. वीज गेली तर इन्व्हर्टरवर फक्त एअर पंप ठेवा. मासा काही तास गारठा सोसतो, ऑक्सिजनवाचून राहत नाही.

आता ज्याने सर्वांत जास्त मासे मरतात ते: अमोनिया. नव्या पाण्यात जिवाणू नसतात, त्यामुळे माशाची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांचा अमोनिया तसाच साठतो. लोक म्हणतात ‘इकने गेला’, प्रत्यक्षात बऱ्याचदा तो टबमधल्या पाण्याने गेलेला असतो. रोज सकाळी टेस्ट करा. ०.२५ पीपीएम (दहा लाखात भाग) दिसलं की लगेच दहा लिटर पाणी बदला, तापमान आणि घनता जुळवून. दिवसातून दोनदा चिमूटभर खायला द्या, दहा मिनिटांनी उरलेलं एअरलाइनच्या नळीने ओढून काढा. टँकमधला फिल्टरचा स्पंज आणून टाकायचा मोह होईल. त्याच्यावर परजीवीची कवचं असतात, नको.

खाण्याचं म्हणाल तर टँग मुळात शेवाळखाऊ. बिनमिठाची, बिनमसाल्याची नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) बोटाएवढी फाडून क्लिपला लावा. क्लाउनना मायसिस (बारीक कोळंबीसारखे जीव), किंवा ताजी कोळंबी सोलून, बारीक चिरून, फ्रीजरमध्ये ठेवलेली. लसणाचा रस लावल्याने एखादा मासा तोंड लावतो, पण लसूण इक बरा करत नाही.

व्हेल्वेट निघाला तर टबबदलीने भागत नाही, तांबंच लागतं. तेव्हा चिलेटेड तांबं (दुसऱ्या रसायनाशी बांधलेलं, म्हणून सौम्य), दोन दिवसांत चढवत २.० ते २.५ पीपीएम, आणि त्या पातळीला सलग ३० दिवस. हॅनाच्या हाय रेंज कॉपर चेकरसारखं डिजिटल यंत्र हवं, रंगाच्या पट्टीवर २.० आणि १.५ मधला फरक कळत नाही. पातळी खाली घसरली की दिवस पुन्हा एकपासून. तांबं उडून जात नाही, म्हणून आटलेल्या पाण्याच्या जागी साधं आरओ पाणी घाला. बदललेल्या पाण्यात मात्र तेवढंच तांबं आधी मिसळा. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा, तो तांबं शोषतो. अमोनिया बांधणारी औषधं तांब्यासोबत घालू नका, काही प्रकारच्या तांब्याशी मिळून ते माशाला घातक होतं.

आणि द्राक्षपट्ट्यात राहतो म्हणून सांगतो: कृषी सेवा केंद्रातला मोरचूद (कॉपर सल्फेट) आणून प्रयोग करू नका. एक टक्का बोर्डोत (बागेवर फवारायचं मोरचूद-चुन्याचं मिश्रण) लिटरमागे १० ग्रॅम मोरचूद असतो, म्हणजे अडीच हजार पीपीएमच्या वर तांबं. साध्या मोरचुदातल्या तांब्याची माशाला चालणारी पातळी ०.१५ ते ०.२० पीपीएम. ५० लिटरला जेमतेम ३० ते ४० मिलिग्रॅम मोरचूद! बागेच्या तराजूवर ते मोजता येत नाही.

तेराव्या दिवशी पाचव्यांदा भरलेला टब हाच पुढचा मुक्काम. आता तिथे नवा स्पंज फिल्टर आणि बाटलीतले जिवाणू घाला, कारण मुख्य टँक ७६ दिवस माशांविना ठेवायचा आहे. कोरल, श्रिंप, गोगलगायी तिथेच राहू द्या, त्यांच्यावर इक जगत नाही. श्रिंपला दोन-तीन दिवसांनी चिमूटभर खाणं पुरे. मधल्या काळात नवा कोरल किंवा गोगलगाय आणली तर मोजणी पुन्हा सुरू, कवचं शिंपल्यावर बसूनही येतात. दोन्हीकडे एकच ओला हात, एकच नळी नको.

पुढच्या वेळी मासा आणाल तेव्हा थेट टबमध्येच उतरवा. कसारा घाट चढून घरी येईपर्यंत पिशवी चार-पाच तास बंद असते. आत अमोनिया साठतो, पण पीएच उतरल्यामुळे तो फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जाळायला लागतो. म्हणून तासभर थेंब-थेंब पाणी सोडत बसू नका. दुकानदाराला फोनवर घनता विचारा (बऱ्याच ठिकाणी १.०१८ ते १.०२० ठेवतात), टब तेवढाच तयार ठेवा, बंद पिशवी पंधरा मिनिटं तरंगवा, उघडा आणि लगेच मासा सोडा. घनता नंतर चार-पाच दिवसांत हळूहळू १.०२५ ला न्या.

न विचारलेलं एक: ब्लू टँग फूटभर वाढतो. १५० लिटरमध्ये तो कायम ताणाखाली राहील, आणि ताणातला टँग इकला सर्वांत आधी बळी पडतो. हे ७६ दिवस मोठा टँक किंवा दुसरं घर शोधायला वापरा.