फाटकाबाहेर काय नेशील?

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

चाकणला ठेकेदाराकडची सात महिन्यांची नोकरी, पुण्यात बाइकवर पार्सलं पोचवणं, की गावची दीड एकर, असा पेच तू लिहिलास. पुढे लिहितोस, 'शेतीतून एकदाचा सुटलो की झालं.' तिथंच माझं डोकं फिरलं. कशातून सुटतोस ते सांगू नकोस. ते काम संपेल तेव्हा फाटकाबाहेर काय घेऊन निघशील, ते सांग.

१९५१ साली देशातले १०० पैकी ७० कामकरी शेतीवर होते, २०११ मध्ये ५५. आकडा बरा दिसतो. पण २००१ ते २०११ या दहा वर्षांत स्वतः शेती कसणारे ८५ लाखांनी घटले आणि शेतमजूर पावणेचार कोटींनी वाढले. जमीन सुटली, राबणं तेच. कोविडमध्ये माणसं चालत गावी आली, शेतीवरच्या कामकऱ्यांचा वाटा ४२ टक्क्यांवरून ४६ वर चढला, आणि २०२३-२४ पर्यंत जवळपास तिथंच राहिला. शहरानं त्यांना हातात काही न देताच परत पाठवलं होतं.

माझे वडील परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यानंतर ते गावी आले ते कायमचेच. साच्यावर मुरलेल्या त्या हातांना गावात कुणी विचारलं नाही.

ते पाहून मी धास्तावलो. आयटीआयचा टर्नर होतो, धातू कातायच्या लेथवर हात बसत चालला होता. सोडलं, आणि एका गोदामात कारकून झालो. खुर्ची मिळाली, पंचवीस वर्षं आवक-जावक लिहिली. संगणक आला, वही गेली, पाठोपाठ मी. घरात पाच तोंडं होती रे, एक तारखेला पगार लागायचाच. त्या वेळी दुसरं काय करणार होतो? तरी बारीक मापं घ्यायचा मायक्रोमीटर दिसला की बोटं अजून त्याच्या खुंटीची ती शेवटची टिकटिक शोधतात.

म्हणून पुन्हा विचारतो, फाटकाबाहेर काय नेशील? पार्सलवाल्यांचं काम सेवाक्षेत्रात मोजतात, सॉफ्टवेअरवाल्यांचंही. नावावर भुलू नकोस. ठेकेदाराला सरळ विचार: मशीनवर उभं करणार की माल उचलायला? सेटिंग कोण शिकवणार? पीएफ भरणार का? पगाराचं नंतर बोल.

'बघू' म्हणाला तर उठून ये. जायच्या आदल्या दिवशी फोन कर, मी येतो बरोबर.

तुझा,
काका