लेकीला समजावण्याआधी तिचं ऐकून घ्या

पत्र, थोडक्यात: खानापूर तालुक्यातला आहे, बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कुपोलावर, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीवर, काम करतो. मुलगी पीयूसी दुसऱ्या वर्षाला (म्हणजे बारावीला), सायन्स. पहिल्या वर्षी ८४ टक्के. कॉम्प्युटर सायन्स घे म्हटलं तर ऐकत नाही. वितळलेल्या क्षारांनी अणुभट्टीतले धातू कसे खराब होतात, ते शिकायचंय म्हणते. गंजण्यात काय शिकायचं? स्टेनलेस वापरलं की झालं. मुलगा असता तर विचार केला असता. गणपती झाल्यापासून तिच्याशी बोलणं टाकलंय. तिला कसं समजावू?

नमस्कार.

तिच्या टक्क्यांची मला काळजी नाही. एका घरात राहून बाप लेकीशी बोलत नाही, याची आहे. बोर्डाच्या वर्षात पोरीला अबोल्याची शिक्षा, आणि गुन्हा काय, तर एक विषय मनापासून आवडला! अशाने ती हट्ट सोडेलही. मग घरात शांतता हवी म्हणून कॉम्प्युटर सायन्सला जाईल आणि चार वर्षं रेटत राहील. ‘मुलगा असता तर’ हे तिच्यासमोर बोलला असाल, तर आधी ते मागे घ्या. भट्टीच्या धगीत आयुष्य काढलेल्या माणसाला आपली पोर तिथे नको वाटते, हे मला समजतं. पण त्यासाठी तिला गप्प करायची गरज नाही.

आता स्टेनलेसचं. स्टेनलेस टिकतं ते त्याच्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ थरामुळे. वितळलेल्या फ्लोराइड क्षारात नेमका हा थरच विरघळतो. मग क्षार धातूतलं क्रोमियम वेचून काढतो. ओलावा राहिला असेल तर आणखी जोरात. गरम भागात सुटलेलं क्रोमियम वाहत जाऊन थंड भागात बसतं, त्यामुळे झीज थांबत नाही. अमेरिकेत ओक रिजच्या प्रयोगशाळेत १९६५ ते १९६९ या काळात वितळलेल्या क्षारांवर चालणारी अणुभट्टी चालवली, क्षार साधारण ६५० अंश सेल्सिअसला. तिच्यासाठी निकेलचा खास मिश्रधातू घडवला आणि क्रोमियम मुद्दाम कमी, ७ टक्क्यांच्या आसपास ठेवलं. तरीही पृष्ठभागावर बारीक भेगा निघाल्या. युरेनियमच्या विखंडनातून तयार झालेलं टेल्युरियम धातूच्या कणांमधल्या सीमांत शिरलं होतं.

आणि दादा, यातलं थोडं तुम्हालाही ठाऊक आहे. स्लॅग, म्हणजे वितळलेल्या लोखंडावरची मळी, पातळ करायला कुपोलात फ्लोरस्पार टाकतात. जास्त पडला की भट्टीचं अस्तर खातो. फ्लोरस्पार म्हणजे कॅल्शियम फ्लोराइड, आणि अस्तर ऑक्साइडचं, स्टेनलेसवरच्या थरासारखंच. लेकीचा प्रश्न तुमच्या कामाला इतका लागून आहे, आणि घरात त्यावर एक शब्द बोलला जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

किरणोत्साराची भीती असेल तर एवढंच सांगतो: या विषयातले बरेच प्रयोग किरणोत्सारी नसलेल्या क्षारांवर, आर्गॉन हा निष्क्रिय वायू भरलेल्या बंद पेटीत होतात.

‘अणुभट्टी’ नावाची पदवी मात्र शोधू नका. धातुशास्त्र घ्या, सुरतकलच्या एनआयटीत आणि पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजात ही शाखा आहे. नाहीतर बेळगावातच केमिस्ट्री घेऊन बीएस्सी, पुढे एमएस्सी. जेईई, केसीईटी या प्रवेश परीक्षा तुम्हाला माहीत आहेतच. महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत सीमाभागातल्या मराठी भाषिकांसाठी वेगळी तरतूद आहे; आपलं गाव त्या यादीत आहे का, ते आताच बघा, फॉर्मच्या शेवटच्या दिवशी नको. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेचा रस्ता पदवीनंतरच्या ‘गेट’ परीक्षेतून जातो. वाट लांब आहे आणि तिथे निवड होईलच असं मी सांगणार नाही. नाही झाली, तरी धातुशास्त्राच्या पदवीला पोलाद कारखान्यांत आणि तुमच्या उद्यमबागेतही काम आहे, आणि ते लॅबमधलंही असतं.

तुमच्या दोन पानी पत्रात तिचं स्वतःचं एकच वाक्य आहे, तेही तक्रार म्हणून. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी वाचायला मागू नका.